पणजीत पाहिलेले तीन चित्रपट

वाचकहो, गावाकडच्या माणसाला सिनेमा म्हटला की काय आठवते? माझ्या वयाच्या बायाबाप्यांना जत्रेतला तंबू आठवतो. मध्ये दोर बांधलेला, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये, खाली घरून नेलेले पोते आणि रीळ तुटले की तंबूभर शिट्ट्या. पुढे पंचायतीत टीव्ही आला, मग घरात आला आणि आता तर पोराच्या खिशातल्या मोबाइलवर हवा तो सिनेमा दिसतो. पण परगावी मुक्काम करून, दिवसभर बसून, आणि तेही ज्यांची भाषा आपल्याला येत नाही अशा देशांचे चित्रपट पाहायला जायचे, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात सहसा कुणाच्या मनात येत नाही. आलीच तरी "ते शिकल्यासवरल्यांचे काम" असे म्हणून आपण ती सोडून देतो. म्हणूनच मी आणि माझी धाकटी जाऊ अशा दोघींनी २०१४ साली पणजीला जो एक दिवस घालवला, त्याची हकिगत आज तुम्हाला सांगावीशी वाटते.

आधी हा महोत्सव म्हणजे काय ते सांगते. देशोदेशींचे नवे चित्रपट एका गावी आणायचे, आठदहा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत दाखवायचे, त्यांतले काही स्पर्धेला लावायचे आणि जाणत्या परीक्षकांकडून नंबर काढून बक्षिसे द्यायची. आपल्याकडे जनावरांचे प्रदर्शन भरते ना, तसेच. तिथे खिल्लारी खोंड उभे करतात, इथे चित्रपट. भारतात असा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ साली मुंबईत भरला. २००४ पासून तो गोव्यात पणजीला भरू लागला. त्यात पहिल्या नंबराच्या चित्रपटाला सुवर्ण मयूर मिळतो, त्याखालच्या मानकऱ्यांना रौप्य मयूर.

अशा महोत्सवाचा आणि शेतकऱ्याचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. तर ऐका. त्या १९५२ च्या महोत्सवात इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज' हा चित्रपट दाखवला होता. एका गरीब माणसाची सायकल चोरीला जाते आणि तो आपल्या लहानग्या पोराला घेऊन शहरभर ती शोधत हिंडतो, एवढीच त्याची कथा. ती पाहून बिमल रॉय यांच्या मनाने घेतले की आपल्या देशातल्या गरिबाचाही असाच खराखुरा चित्रपट काढायचा. त्यातून १९५३ साली 'दो बिघा जमीन' तयार झाला. त्यातला बलराज साहनींनी उभा केलेला शेतकरी, त्याची दोन बिघे जमीन, जमीनदाराचे कर्ज आणि कलकत्त्यात माणसाने ओढायची रिक्षा हे सगळे आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिले असेल. त्या शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर यायला इटलीच्या सायकलीचा हातभार लागला होता.

आणि आपलेही तिकडे गेलेले आहेच. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला. १९३७ साली तो इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला. तिथल्या माणसांना मराठीचे अक्षर कळत नव्हते. तरी विष्णुपंत पागनीसांचा तो चेहरा आणि देहूचा तो साधा संसार त्यांना कळला. मग त्यांचे आपल्याला का कळू नये?

आता आमच्या जाण्याची गोष्ट. आमचे गाव आजऱ्याच्या अंगाला. भात, थोडा ऊस आणि वरकस रानात नाचणी, एवढा आमचा पसारा. माझ्या भावाची मुलगी पणजीला नोकरीला आहे. ती दरवर्षी म्हणायची, "आत्या, महोत्सवाला ये की एकदा. कार्ड मी काढून देते." त्या वर्षी हळवे भात घरात आले होते, गरवे अजून शेतात उभे होते, मध्ये चारदोन दिवसांची सवड होती. आमचे मालक म्हणाले, "जाऊन या. पण एकटी जाऊ नका, धाकटीलाही घेऊन जा. तिचा जीव जरा रमेल."

हे ते का म्हणाले ते सांगायला हवे. माझे धाकटे दीर २०१३ च्या श्रावणात काविळीने गेले. मागे जाऊ आणि दोन लहान मुली. दिरांच्या नावावरची जमीन फार नव्हती, पण होती ती पाण्याखालची. सातबाऱ्यावर जावेचे आणि मुलींचे नाव लागायला हवे होते. अर्ज दिला होता, मृत्यूचा दाखला जोडला होता. तरी वर्ष उलटून गेले, नोंद काही होईना. भाऊबंदांतल्या एकाने तोंडी कुरबूर लावून दिली होती की हिला मुलीच आहेत, उद्या जमीन परक्या घरात जाईल, नाव लावायची घाई कशाला? जाऊ कचेरीत गेली की तिथला माणूस एक कागद भराभरा वाचून दाखवायचा, शेवटी "पुढच्या महिन्यात या" म्हणायचा आणि दुसऱ्याकडे वळायचा. आमचे मालक दोनतीनदा सोबत गेले, पण हंगामात रोज कोण जाणार? शेवटी ती एकटीच जाऊ लागली. जायची, बाकावर बसायची आणि परत यायची. घरी आली की मुकाट्याने चुलीपुढे बसायची. काय झाले विचारले तर म्हणायची, "काय न्हाई आक्का, कागद वर गेलाय म्हनं."

पणजीला यायलाही ती तयार नव्हती. "मला काय समजतंय त्यातलं? आन् कुनी बोलीवलंय मला तिथं?" म्हणाली. मुलींना त्यांच्या आजीपाशी ठेवून मी तिला जवळजवळ ओढतच नेली. आजऱ्याहून एसटीने आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि तिथून कदंबाच्या गाडीने पणजी. रात्री भाचीकडे उतरलो. सकाळी तिने आमच्या दोघींच्या गळ्यात फोटो लावलेली कार्डे घातली. आरशात बघून जाऊ त्या वर्षात पहिल्यांदा हसली. म्हणाली, "परदर्शनातल्या म्हशीसारखा बिल्ला लावलाय की मला."

जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात, मांडवीच्या काठाला थिएटर आहे. एकाच इमारतीत चार पडदे. शिवाय कला अकादमीतही चित्रपट दाखवत होते. जिकडे तिकडे पताका, मोरांची चित्रे आणि रांगा. रांगेत कोण नव्हते? पुण्याहून आलेली शिकणारी मुले होती, केरळचे लुंगीवाले गृहस्थ होते, गोरे पाहुणे होते, काठी टेकत आलेले म्हातारे होते. नऊवारीतल्या मात्र आम्ही दोघीच. मला वाटले होते की लोक वळून बघतील. कुणी बघितले नाही. जो तो हातातले वेळापत्रक बघत होता, आता इथून सुटलो की तिथे कसे गाठायचे याच्या हिशेबात. एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला सरकून जागा दिली आणि "बसा हं, हा चांगला आहे म्हणतात," असे कोकणी वळणाच्या मराठीत सांगितले. तेवढ्याने जावेचा घाबरेपणा निम्मा गेला.

पहिला चित्रपट होता क्यूबाचा, 'कोंदुक्ता', म्हणजे वागणूक. एर्नेस्तो दारानास यांनी काढलेला. क्यूबा म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेला समुद्रातले बेट. तिथेही ऊस आहे आणि साखर आहे, हे आपल्याला ऐकून ठाऊक असते. पण हा चित्रपट त्यांच्या राजधानीच्या, हवानाच्या जुन्या वस्तीतला. चाला नावाचा अकराबारा वर्षांचा पोरगा. आई नशेत बुडालेली. घर चालवायला हा पोरगा झुंजीची कुत्री सांभाळतो आणि माडीवर कबुतरे पाळतो. शाळेत उनाड, तोंडाळ. त्याच्या वर्गाच्या बाई म्हणजे कार्मेला, केस पिकलेल्या, निवृत्तीचे वय उलटून गेलेल्या. बाई आजारी पडून दवाखान्यात जातात, आणि त्यांच्या मागे या पोराला बिघडलेल्या मुलांच्या शाळेत धाडून देतात. बाई परत येतात, जागा रिकामी बघतात, उठतात आणि पोराला वर्गात परत आणून बसवतात. वरचे लोक सांगतात की हे नियमात बसत नाही, कागद झालेला आहे. बाई म्हणतात, मी या पोराला ओळखते.

भाषा स्पॅनिश, खाली इंग्रजी अक्षरे पळत होती. मला जुन्या मॅट्रिकपुरते इंग्रजी येते, त्यात काही वाचून व्हायचे, काही निसटायचे. भाची माझ्या कानात सांगायची, मी जावेच्या कानात. अर्ध्या तासाने जाऊ म्हणाली, "आक्का, नगा सांगू. दिसतंय मला." आणि खरेच, बाईंचा चेहरा बघितला की पुढचे सगळे कळत होते. ते काम करणाऱ्या नटीचे नाव अलिना रोद्रिगेस. पुढच्याच वर्षी, २०१५ साली त्या वारल्याचे कळले, तेव्हा ओळखीची बाई गेल्यासारखे वाटले.

त्याच वर्गात येनी नावाची एक मुलगी आहे. तिचा बाप पोटासाठी बेटाच्या दुसऱ्या टोकाहून हवानाला आलेला. शहरात राहायचा परवाना त्यांच्यापाशी नाही, म्हणून हुशार असूनही ती शाळेत कागदावर धड नाही. ते पाहताना मला आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवल्या. दिवाळी झाली की बीडकडची माणसे येतात, उसाच्या पाचटाच्या खोपी घालतात. त्यांची पोरे गावाकडची शाळा अर्ध्यावर सोडून आलेली असतात. कुठे साखरशाळा असते, कुठे नसते. इकडच्या शाळेच्या पटावर त्यांचे नाव नसते आणि तिकडच्या पटावर असून पोर तिथे नसते. आमच्या बांधावर बसणाऱ्या त्या पोरींतली एखादी येनी असेल, हे क्यूबाच्या चित्रपटाने माझ्या ध्यानात आणून दिले.

दुपारी मांडवीच्या काठावर झाडाखाली बसून नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. समोर नदीत जुगाराची मोठमोठी जहाजे उभी होती. भाचीने ती काय आहेत ते सांगितले तेव्हा जाऊ म्हणाली, "पैका पान्यात घालायला एवढं मोठं जहाज कशाला लागतंय? आमची हीर पुरंल की." आम्ही पोट धरून हसलो.

दुसरा चित्रपट रशियाचा, 'लेव्हायथन'. काढणाऱ्याचे नाव आंद्रेई झ्व्यागिन्त्सेव्ह. रशियाच्या अगदी उत्तरेला, बॅरेंट्स समुद्राच्या काठी एक उजाड गाव. झाडझाडोरा नाही, थंडी, वारा, काठावर पडलेला देवमाशाचा सांगाडा. तिथे कोल्या नावाचा मोटारी दुरुस्त करणारा माणूस बायको आणि मुलाला घेऊन वाडवडिलांच्या जागेत राहतो. गावच्या नगराध्यक्षाला ती जागा हवी आहे. तो सरकारी कामाच्या नावाखाली ती काढून घेतो, आणि मोबदला म्हणून जे देऊ करतो तो चेष्टा वाटावी असा. कोल्या कोर्टात जातो. मॉस्कोहून त्याचा जुना दोस्त येतो, तो वकील असतो. तो काही दिवस खांद्याला खांदा लावून लढतो. मग नगराध्यक्षाची माणसे त्याला बाहेर नेऊन अशी दहशत घालतात की तो गाडीत बसून निघून जातो. त्यानंतर कोल्या एकटा. बायको जाते, घर जाते, शेवटी तो स्वतः तुरुंगात जातो. घर पाडायला यंत्र येते तेव्हा कॅमेरा घराच्या आतच ठेवलेला आहे. ज्या टेबलाशी ती माणसे जेवत होती त्यावर लोखंडी पंजा येऊन पडतो. आणि त्या जागी मग काय उभे राहते, ते तुम्ही पाहाल तेव्हा तुम्हालाच कळेल.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. कोर्टात न्यायाधीणबाई उभ्या राहून निकाल वाचतात. पण कसा? श्वास न घेता, मान वर न करता, मळणीयंत्रात पेंढी जावी तसा. कलमे, तारखा, नियम, सगळे एका सुरात. कोल्या आणि त्याची बायको समोर उभी आहेत, आणि त्यांचे घर त्या शब्दांच्या पुरात वाहून चालले आहे. थिएटरात काही लोक हसले, कारण ते वाचणे तसे हसू येण्यासारखेच होते. माझ्या शेजारी जाऊ हसली नाही. तिने माझा हात घट्ट धरला. रशियन तिला कळत नव्हते, इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती, आणि मी तर काहीच सांगितले नव्हते. ती म्हणाली, "आक्का, मला बी असंच वाचून दावत्यात."

वाचकहो, मी तोपर्यंत तिला चार वेळा विचारले होते की कचेरीत काय होते, आणि तिला ते सांगता आले नव्हते. रशियातल्या कुणा एका माणसाने काढलेल्या चित्रात तिला ते सापडले. मागे मी वाचले की झ्व्यागिन्त्सेव्ह यांना ही कथा सुचली ती रशियातल्या प्रकरणावरून नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २००४ साली वेल्डिंगचे दुकान चालवणाऱ्या एका माणसाचे जागेवरून गावच्या कारभाऱ्यांशी भांडण विकोपाला गेले, त्या खऱ्या घटनेवरून. त्यात त्यांनी बायबलातल्या ईयोबाची कथा मिसळली. म्हणजे अमेरिकेत घडले, रशियात चित्र झाले, आणि पणजीत बसून आजऱ्याकडच्या एका विधवेला ते आपले वाटले.

आपल्या कोल्हापूरच्या माणसांना तर हे नवे नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली, चित्रपट अजून मुके होते तेव्हा, 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या फासात सापडून जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती कथा, आणि त्यात तरुण शेतकऱ्याचे काम शांतारामबापूंनी केले होते. १९२५ चा सावकार, १९५३ चा जमीनदार, २०१४ चा नगराध्यक्ष. कपडे बदलले, हातातला कागद मात्र तोच राहिला.

तिसरा चित्रपट संध्याकाळी होता आणि तो आपला, मराठी. श्रीहरी साठे यांचा 'एक हजाराची नोट'. पडद्यावर मराठी गाव दिसले आणि जाऊ खुर्चीत सावरून बसली. आता कुणी कानात सांगायची गरज नव्हती. एक गरीब म्हातारी, तिला सगळे बुढी म्हणतात. उषा नाईक यांनी ते काम केले आहे. शेतकरी मुलाने आत्महत्या केलेली, मागे ही एकटी. शेजारी सुदामा नावाचा भला माणूस, त्याचाच तिला आधार. ते काम संदीप पाठक यांचे. निवडणुकीचे दिवस असतात. पुढारी गावात सभा घेतो आणि सगळ्यांदेखत म्हातारीच्या हातावर हजाराच्या नोटा ठेवतो. आयुष्यात पहिल्यांदा एवढा पैसा. ती सुदामाला घेऊन बाजाराच्या गावी खरेदीला जाते. आणि तिथेच सगळे बिनसते. फाटक्या लुगड्यातल्या म्हातारीच्या हातात हजाराची नोट आली कुठून? पैसा तिचा आहे हे खरे, पण तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवणार कोण? गोष्ट पोलीस ठाण्यापर्यंत जाते. पुढचे मी सांगत नाही.

हा चित्रपट नंतर २०१५ साली आपल्याकडे थिएटरात लागला. आणि ज्या नोटेवर तो आहे ती हजाराची नोट ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री सरकारने बंद केली. नोट गेली. पण गरिबाने खरे सांगितले तरी आधी त्याच्या अंगावरचे कपडे बघायचे, ही रीत काही त्या रात्री बंद झाली नाही.

चित्रपट सुटला तेव्हा अंधार पडला होता. आम्ही तिघी नदीकाठाने चालत निघालो. बराच वेळ कुणी बोलले नाही. मला वाटले, एवढे दुःख एका दिवसात दाखवायला नको होते, हिला विरंगुळा म्हणून आणले आणि हिचीच जखम उघडी केली. तेवढ्यात जाऊच बोलली. म्हणाली, "आक्का, त्या पोराला बाई हुत्या. म्हातारीला सुदामा हुता. त्या रशियावाल्याचा दोस्त पळाला, तवाच त्याचं घर गेलं बघा."

मी थांबले. तीन देशांचे तीन चित्रपट मी वेगवेगळे पाहिले होते. तिने ते एकाच दोऱ्यात ओवले. मग ती हळूच म्हणाली, "मी कचेरीत एकलीच जाते. म्हनून ते तसं वाचत असतील का वो?"

ते शब्द मी घरापर्यंत जपून आणले. गावी आल्यावर आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी सगळी हकिगत सांगितली. चित्रपटांच्या गोष्टी बायकांनी कान देऊन ऐकल्या. कोर्टातल्या वाचण्याची नक्कल जावेने स्वतः करून दाखवली, तेव्हा तर हसून हसून पुरेवाट झाली. हसे थांबल्यावर गटातली सर्वांत थोरली बाई म्हणाली, "पुढच्या बुधवारी आमी बी येतो गं तुझ्यासंगं."

त्या बुधवारी आम्ही सात जणी गेलो. भांडायला नाही गेलो, आवाज चढवला नाही. बाकावर दोघी बसल्या, बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कागद वाचायला सुरुवात झाली तेव्हा मी म्हटले, "साहेब, जरा सावकाश वाचा. आणि काय अडलंय ते मराठीत सांगा, आम्ही लिहून घेतो." त्या माणसाने मान वर करून सातही जणींकडे पाहिले. मग पाणी प्याला आणि सावकाश वाचले. अडले होते ते एवढेच की जबाब घ्यायचे राहिले होते. ही मयताची पत्नी, या त्याच्या मुली, असे सांगणारी गावची माणसे हवी होती. "ती ही काय," असे म्हणून थोरल्या बाईने पहिला अंगठा केला. पुढे फेरफार पडला, नोटीस लागली, मुदतीत कुणी लेखी हरकत घेतली नाही. तोंडी कुरबूर करणारा भाऊबंदही गप्प बसला. २०१५ च्या पाडव्याआधी सातबाऱ्यावर जावेचे आणि दोन्ही मुलींचे नाव लागले.

महोत्सवाचा निकाल आम्ही वर्तमानपत्रात वाचला होता. 'लेव्हायथन'ला सुवर्ण मयूर मिळाला. क्यूबाच्या अलिना रोद्रिगेस यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे बक्षीस दुसऱ्या एका नटीबरोबर विभागून मिळाले. 'एक हजाराची नोट'ला परीक्षकांचे विशेष पारितोषिक आणि शताब्दी पुरस्कार, असे दोन मान मिळाले. आम्ही पाहिलेले तिन्ही बक्षिसाला लागले. जाऊ म्हणाली, "आमची पारख बरी हाय म्हनायची. पुढच्या साली जनावरांच्या परदर्शनात बी नंबर काढायला बसते."

मायबहिणींनो, चित्रपट पाहिला म्हणून कुणाच्या नावावर जमीन होत नसते, हे मलाही कळते. त्यासाठी अर्ज, दाखले आणि हेलपाटेच लागतात. घरात कर्ते माणूस गेले तर दुःख आवरून तीन महिन्यांच्या आत वारसांनी वर्दी द्यावी, दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी, आणि मुलींची नावे मुलांच्या बरोबरीने लावावीत. नोंद झाली की सातबाऱ्याचा उतारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. हल्ली तर तो मोबाइलवरही बघता येतो. हे सारे आपल्याला ठाऊक असते. पण कचेरीच्या उंबऱ्यावर पाय लटपटतात ते माहिती नसल्याने नाही. आपल्यावर आले तसे जगात कुणावर आले नसेल, असे वाटते म्हणून लटपटतात. ते तसे नाही, हे माझ्या जावेला त्या एका दिवसात दिसले.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. आजूबाजूला कुठे महोत्सव भरला तर एक दिवस काढून जा. पणजी लांब पडत असेल तर पुण्याला भरतो, कोल्हापूरलाही बाबूराव पेंटरांच्या नावाच्या फिल्म सोसायटीने भरवलेला आहे. तेही जमत नसेल तर गावच्या शाळेत महिन्याला एक चांगला चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहा. कळेल की नाही ही धास्ती नको. चेहरा वाचायला इंग्रजी लागत नाही. आणि चित्रपट संपला की लगेच उठून जाऊ नका, चहा ठेवा आणि बोला. ज्या बाईला आपले गाऱ्हाणे सांगता येत नाही, ती पडद्यावरच्या बाईचे सांगता सांगता आपले सांगून जाते.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी. तुमच्या गल्लीत कुणी बाई हातात पिशवी घेऊन, पिशवीत कागद घेऊन एकटीच एसटीची वाट बघत उभी असेल, तर तिला विचारा, "मी येऊ का सोबत?" तिकिटाचे पाचपन्नास रुपये जातील, एक दिवसाची भांगलण राहील. पण तिथे वाचणारा सावकाश वाचील.